फोनवर नको ते कॉल, निनावी मेसेज: आधी काय तपासायचं आणि कुठं थांबायचं

फोन दिवसातून आठ-दहा वेळा वाजतो. उचलला की पलीकडे दोन-तीन सेकंद काहीच ऐकू येत नाही आणि कट होतो. कर्ज हवंय का, कार्ड हवंय का, इंदूरच्या सुपर कॉरिडॉरला प्लॉट घ्यायचा का, असे कॉल येतात. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून तेच बोलणं सुरू. न मागितलेले ओटीपी एकामागून एक येऊन पडतात. व्हॉट्सॲपवर परदेशी नंबरांवरून व्हिडिओ कॉल येतात, शेअर बाजाराच्या टिपांच्या ग्रुपमध्ये कुणीतरी परस्पर घालतं. स्क्रीनवर 'फोनमध्ये व्हायरस आहे' अशा पट्ट्या वरून उतरतात. भलत्याच माणसाच्या नावानं हप्ता मागणारे फोन येतात. आणि ज्याबद्दल लोक दुकानात चारचौघांत बोलत नाहीत ते लक्षण म्हणजे, रात्री उशिरा अनोळखी नंबरावरून मेसेज येतो. नाव नाही, फोटो नाही, पण लिहिणाऱ्याला तुमच्याबद्दल बरंच माहीत असतं.

इंदूरला रामबागेत माझं मोबाइल दुरुस्ती आणि रिचार्जचं दुकान आहे. वरच्यापैकी एखादी तरी तक्रार घेऊन रोज कुणीतरी येतंच. "भाऊ, फोन बिघडलाय, बघ जरा." फोन बहुतेक वेळा धडधाकट असतो, नंबर बाहेर गेलेला असतो, आणि गेलेला नंबर परत आणता येत नाही. म्हणून मी आधी सेटिंग उघडत नाही, आधी विचारतो की पलीकडे आहे कोण. इतक्या वर्षांत मला तीनच जातीची माणसं सापडली: काहीतरी विकणारा, फसवणारा आणि तुम्हाला ओळखणारा. विकणाऱ्यावर जो उपाय चालतो तो फसवणाऱ्यावर चालत नाही, आणि ओळखणाऱ्यावर तर फोनमधला कुठलाच उपाय पुरत नाही. लोक डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे कॉल-मेसेज बंद करायची नोंद, लावतात, तरी फसवणुकीचे कॉल येतात, मग 'काही उपयोग नाही' म्हणून सगळंच सोडून देतात. औषध बरोबर होतं, रोग वेगळा होता.

पहिली तपासणी: तीन दिवस नुसतं लिहून ठेवा

याला पैसे लागत नाहीत, फोनमध्ये काही बदलावंही लागत नाही. कॉल कधी आला, नंबर कशानं सुरू होतो, पलीकडचा काय म्हणाला, एवढंच लिहायचं.

लोकमान्य नगरच्या एक काकू आहेत. त्यांच्या फोनच्या पारदर्शक कव्हरमध्ये गजानन महाराजांचा छोटा फोटो आणि घडी घातलेली पन्नासची नोट असते. त्या वैतागून आल्या, म्हणाल्या, "सगळे अनोळखी कॉल बंदच करून टाक रे बाबा." मी म्हटलं, काकू, तीन दिवस द्या, लिहून आणा. चौथ्या दिवशी त्या कालनिर्णयाचं पानच घेऊन आल्या. दुधाच्या लिटरांशेजारी बारीक अक्षरात कॉल टिपलेले, बावीस नोंदी. पंधरा १४० नं सुरू होणाऱ्या. दोन परदेशी. उरलेल्यांत एक साधा दहा आकडी नंबर, रोज दुपारी बारा-साडेबाराला, एकूण चारदा. काकूंनी एकदाही उचललेला नव्हता. तो मी त्यांच्यासमोर लावला. डोळ्यांच्या दवाखान्यातून मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख सांगायला तो मुलगा चारदा फोन करत होता. त्या दिवशी मी त्यांचं ऐकून सगळं बंद केलं असतं तर तारीख गेली असती. तेव्हापासून वही दाखवल्याशिवाय मी कुणाच्या फोनला हात लावत नाही.

आता नोंदी वाचायच्या कशा. १४० नं सुरू होणारा कॉल म्हणजे नोंदणी केलेली जाहिरात. त्रासदायक आहे, पण माणूस उघडपणे विकायला आलाय आणि त्याला थांबवता येतं. १६०० ची मालिका बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या कामाच्या कॉलसाठी राखलेली आहे. तरीही १६०० दिसलं म्हणून ओटीपी सांगायचा नाही. तो कुणालाच सांगायचा नसतो. साध्या मोबाइल नंबरावरून कुणी बँकेच्या मुख्य कार्यालयाचं नाव सांगत असेल तर कॉल कट करा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर स्वतः फोन लावा. अधिकच्या चिन्हानंतर ९१ सोडून दुसरं काही असेल, म्हणजे +९२ पाकिस्तान, +८४ व्हिएतनाम, +६२ इंडोनेशिया, आणि तिथं आपलं कुणी नसेल, तर उचलू नका. एकच रिंग देऊन बंद होणारा परदेशी कॉल तर तुम्ही उलट फोन करावा म्हणूनच असतो. त्या उलट कॉलचे पैसे तुमच्या मोबाइलच्या बॅलन्समधून जातात.

एसएमएसचंही तसंच. कंपनीच्या मेसेजवर पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर असतं. २०२५ पासून ही पद्धत आहे. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. 'आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरावर बोला' असा मेसेज साध्या दहा आकडी नंबरावरून आला असेल तर तिथंच समजायचं.

भलत्याच माणसाचा हप्ता मागणारे कॉल असतील तर सिम किती जुनं आहे ते बघा. बंद पडलेला नंबर कंपन्या किमान ९० दिवसांनी नव्या माणसाला देतात, त्यामुळे आधीच्या मालकाचं कर्ज नंबराबरोबर तुमच्याकडे येतं. एकदा शांतपणे सांगा की नंबर अमुक तारखेपासून माझ्या नावावर आहे, कर्ज कुठल्या बँकेचं ते विचारून घ्या, आणि त्या बँकेच्या तक्रार विभागाला सिमच्या पावतीसह लेखी कळवा. वसुलीचे कॉल सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये बजावलेलं आहे. वेळ मोडली असेल तर तीही तक्रारीत लिहा.

ती पट्टी खरंच मेसेज आहे का?

ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. व्हायरसच्या, बक्षिसाच्या, घाणेरड्या फोटोंच्या पट्ट्या वरून उतरत असतील तर त्या एसएमएस नसतातच. पंचांग, निकाल किंवा क्रिकेटचा स्कोअर बघताना कुठल्या तरी पानानं 'सूचना पाठवू का?' विचारलेलं असतं आणि आपण 'अलाऊ' दाबलेलं असतं. पट्टी न उघडता बोटानं दाबून धरा. खाली कुठल्या ॲपचं नाव दिसतं ते बघा. क्रोम दिसलं तर क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन उघडून अनोळखी नावं एकेक बंद करा. यासाठी कुणी तुम्हाला 'क्लीनर' नावाचं ॲप टाकायला सांगेल, ते टाकू नका. सुदामा नगरच्या एका आजोबांच्या फोनमध्ये असे तीन क्लीनर होते आणि निम्म्या जाहिराती त्या तिघांच्याच होत्या.

आपण काय दाबतो, काय उत्तर देतो

पलीकडचं कॉल लावणारं यंत्र एका वेळी शेकडो नंबर फिरवतं. कुठला नंबर उचलला जातो, कुठं माणूस 'हॅलो' म्हणतो, याची नोंद त्याच्याकडे राहते. म्हणून दोन सेकंदांची ती शांतता. तुम्ही चिडून शिव्या दिल्या तरी त्याच्या लेखी नंबर जिवंत ठरला, आणि जिवंत नंबराला भाव असतो. 'कॉल नको असतील तर ९ दाबा' हेही दाबू नका.

न मागितलेल्या ओटीपींचा मारा झाला की लोक घाबरतात. कुणीतरी तुमचा नंबर वीस ठिकाणी टाकून मजा बघतंय, एवढंच ते बहुतेकदा असतं, आणि तासाभरात थांबतं. त्या वेळात फोन करून 'चुकून तुमच्याकडे कोड आलाय, सांगा जरा' म्हणणाऱ्याला काहीही सांगू नका. खरा हेतू तो कॉल असतो. ओटीपी व्हॉट्सॲपचा असेल तर लगेच तिथलं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. सहा आकड्यांचा आपला पिन घालून ठेवला की नुसत्या ओटीपीवर कुणी तुमचं खातं उचलू शकत नाही.

फोनच्या सेटिंग, जपून

अँड्रॉइडच्या गूगल फोन ॲपमध्ये मेनू, मग सेटिंग, मग कॉलर आयडी आणि स्पॅम. तिथं स्पॅम कॉल गाळायची सोय आहे, ती चालू करा. व्हॉट्सॲपमध्ये प्रायव्हसीत जाऊन कॉल्सखाली 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू करा. कॉल यादीत दिसतो, वाजत नाही. तिथंच ग्रुप्समध्ये 'माय कॉन्टॅक्ट्स' ठेवलं की परक्या टिपांच्या ग्रुपमध्ये कुणी परस्पर घालू शकत नाही.

साध्या कॉलसाठी मात्र 'सगळे अनोळखी कॉल शांत' ही सेटिंग मी म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर लावत नाही, ती आयफोनमध्येही असते तरी. काकूंच्या मोतीबिंदूची गोष्ट वर सांगितलीच. सिलेंडरवाला, पॅथॉलॉजीवाला, शेजारच्यांनी रस्त्यातून दुसऱ्याच्या फोनवरून केलेला कॉल, सगळे अनोळखीच असतात. व्हॉट्सॲपवर शांत करा, साध्या कॉलवर फक्त स्पॅम गाळा, ही माझी पद्धत.

कॉल करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या ॲपबद्दल एक सांगतो. तिथलं नाव लोकांनी टाकलेलं किंवा त्या माणसानं स्वतःच लिहिलेलं असतं. 'बँक हेड ऑफिस' दिसलं म्हणजे ती बँक आहे असं नाही. 'स्पॅम' असा लाल शिक्का दिसला तर तो उपयोगी पडतो. नावावर विश्वास ठेवू नका.

१९०९: विकणाऱ्यांसाठी

वहीत १४० चे कॉल जास्त असतील तर हा उपाय चालतो, आणि फुकट आहे. मेसेज उघडा, इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट', मग मोकळी जागा, मग शून्य लिहून १९०९ ला पाठवा. सगळ्या जाहिराती बंद करायची ही नोंद, म्हणजेच डीएनडी. एसएमएस जमत नसेल तर १९०९ ला फोन लावूनही होतं. काही गोष्टी हव्या असतील, समजा मुलाच्या क्लासची माहिती, तर सगळं बंद न करता विषयानुसार निवडताही येतं, प्रत्येक विषयाचा आकडा ठरलेला आहे: १ बँक-विमा, २ घर-जमीन, ३ शिक्षण, ४ आरोग्य. मग आठवडाभर थांबा आणि वहीतल्या नोंदी कमी झाल्या का ते बघा.

त्यानंतरही कॉल येत असतील तर तक्रार करा, आणि इथं लोक कंटाळा करतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या २०१८ च्या नियमांत फेब्रुवारी २०२५ मध्ये बदल झाले. पूर्वी तीन दिवसांत तक्रार करावी लागे, आता सात दिवस मिळतात. पूर्वी नोंदणी न केलेल्या माणसावर कारवाई व्हायला सात दिवसांत दहा तक्रारी लागत, आता दहा दिवसांत पाच पुरतात. डीएनडी लावलेला नसला तरी अशा माणसाविरुद्ध तक्रार घेतली जाते. म्हणजे साध्या मोबाइलवरून प्लॉट विकणारा रामबागेतल्या पाच जणांना फोन करत असेल आणि पाचही जणांनी १९०९ ला कळवलं, तर त्याचा नंबर खरंच अडचणीत येतो. तक्रारीत तीन गोष्टी लागतात: कॉल कशाबद्दल होता, कुठल्या नंबरावरून, कुठल्या तारखेला. ट्रायच्या डीएनडी ॲपमधूनही हे होतं. मी आमच्या गल्लीतल्या लोकांना सांगून ठेवलंय की नंबर नुसता ब्लॉक करू नका, आधी कळवा, मग ब्लॉक करा. ब्लॉक केलं की त्रास तुमच्यापुरता संपतो आणि तो शेजारच्या घरी जातो.

डीएनडीनं ठग थांबत नाहीत. त्यानं नियम पाळायचाच नसतो. त्याच्यासाठी 'चक्षू' आहे: सरकारच्या संचार साथी पोर्टलवर किंवा ॲपमध्ये मार्च २०२४ पासूनची ही सोय, संशयास्पद कॉल, एसएमएस, व्हॉट्सॲप मेसेज कळवायला. पैसे गेलेले नसताना कळवायची ती जागा आहे. पैसे गेले असतील तर तिथं वेळ घालवू नका, खाली १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनबद्दल लिहिलंय ते आधी वाचा.

कॉल वळलेत का, आणि तुमच्या नावावर सिम किती

ही तपासणी अवघड नाही, पण लोकांना माहीत नसते. गेल्या दिवाळीच्या आसपास एक वहिनी आल्या: माझा फोन वाजतच नाही, लोक म्हणतात दुसराच माणूस उचलतो. पार्सलवाला म्हणून कुणीतरी फोन केला होता, पत्ता सापडत नाही, हा कोड लावा म्हणजे आमच्या मुलाशी जोडलं जाल. त्यांनी तारा (*), २१, तारा, मग एक दहा आकडी नंबर आणि हॅश लावला होता. तो कॉल वळवायचा कोड आहे. त्यानंतर बँकेचा आवाजी ओटीपी त्यांच्याऐवजी त्या माणसाला ऐकू गेला असता. गेला नव्हता, कारण त्या त्याच संध्याकाळी आल्या.

डायल पॅडवर *#२१# लावा. कॉल वळलेले आहेत का ते दिसतं. वळलेले असतील तर ##००२# लावलं की सगळं वळवणं रद्द होतं. तुम्ही स्वतः ऑफिसचा फोन घरी वळवला असेल तर तोही रद्द होईल, तो परत लावून घ्या. काही सिमवर हे कोड चालत नाहीत, मग फोनच्या कॉल सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग उघडून हातानं बंद करायचं.

मग संचार साथीवर 'तुमच्या नावावरची कनेक्शन्स' बघा. नंबर टाकला, ओटीपी घातला की तुमच्या ओळखपत्रावर घेतलेले नंबर दिसतात. एका माणसाला देशात साधारण नऊपर्यंत सिम घेता येतात, पण आपल्याकडे दोन आहेत आणि यादीत पाच दिसतायत, असं व्हायला नको. अनोळखी नंबरासमोर 'हा माझा नाही' निवडा. तुमच्या नावाच्या सिमवरून कुणी दुसऱ्याला फसवलं तर पोलिस आधी तुमच्या दारात येतात, म्हणून हे वर्षातून दोनदा तरी बघावं. आधारची झेरॉक्स देताना पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ते मिळतं.

नंबर बाहेर गेला कुठून

ही सगळ्यात वेळखाऊ तपासणी. सोडतीच्या कूपनच्या पेट्या, सोसायटीच्या गेटवरची वही, दुकानातलं बिल, हे तर आहेच. आपल्या मराठी घरांत मात्र एक वाट फार मोठी आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही: लग्नाचा बायोडेटा. मुलीचं नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण, नोकरीचं ठिकाण, पगार, मामाचं गाव, घरचा पत्ता, खाली मोबाइल नंबर आणि शेजारी फोटो. हा कागद दहा व्हॉट्सॲप ग्रुपांत जातो, मेळाव्याच्या पुस्तिकेत छापला जातो, आणि वर्षानुवर्षं फिरत राहतो. लग्न झालं तरी फिरतो. ठगाला जे जे लागतं ते सगळं एका पानावर, आणि फसवणुकीची सोडा, वाईट हेतूच्या माणसालाही तेच लागतं.

मी माझ्या भाचीच्या बायोडेटासाठी वेगळं सिम घेतलं. स्वस्तातलं, तिच्या वडिलांच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत. पूर्ण जन्मतारीख नाही, फक्त महिना आणि वर्ष. पत्रिका हवी असेल तर बोलणं पुढं गेल्यावर. कंपनीचं नाव नाही, 'इंदूरला आयटीत' एवढंच. स्थळं तेवढीच आली. आधी दिलेले बायोडेटा परत घेता येत नाहीत, पण ग्रुपच्या ॲडमिनला सांगून जुनी पोस्ट काढून घेता येते. सांगा, बहुतेक लोक ऐकतात.

नंबर बदलणं हा शेवटचा उपाय, आणि तो मी क्वचितच सुचवतो. बदलायचाच असेल तर आधी बँक, आधार, गॅस, पेन्शन, डिजिलॉकर, सगळीकडे नवा नंबर चढवा, आणि ते सगळं होईपर्यंत जुनं सिम रिचार्ज करून चालू ठेवा. नाहीतर काही महिन्यांनी तुमचा जुना नंबर तिसऱ्याच माणसाला मिळेल आणि तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्या हातात पडतील.

इथं थांबा, माझ्यासारख्या दुकानदाराकडेही येऊ नका

पैसे गेले असतील तर आधी १९३०. मग बँक. मग cybercrime पोर्टलवर लेखी तक्रार. ठगानं पैसे एका खात्यातून दुसऱ्यात हलवायच्या आत ते गोठवायचा प्रयत्न १९३० वरून होतो, म्हणून मिनिटांना किंमत आहे. 'मुलगा संध्याकाळी येईल, मग बघू' असं करू नका. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम समोर ठेवून बोला. आपणच ओटीपी दिला होता म्हणून लाजेनं गप्प बसणारे मी पाहिलेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं असतं, म्हणून चूक आपली असली तरी कळवायचं.

लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या चलानाच्या नावानं आलेली एपीके फाइल कुणी उघडून ॲप टाकलं असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, विमान मोड लावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा. लोक माझ्याकडे येऊन म्हणतात, रीसेट मारून टाक. पैसे गेले असतील तर मी मारत नाही. रीसेट केलं की त्या फोनमधला पुरावा पुसला जातो. आधी सायबर सेलला दाखवा.

शेजारच्यांच्या फोनला नेटवर्क आहे आणि तुमचा फोन अचानक तासन् तास मेला असेल तर कुणीतरी तुमच्या नावानं दुसरं सिम काढलं असण्याची शक्यता आहे. लगेच दुसऱ्या फोनवरून बँकेला खातं थांबवायला सांगा आणि सिम कंपनीच्या गॅलरीत जा. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय' म्हणाला तर कॉल बंद करा. असा कायदाच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवरून हेच सांगितलं होतं.

आता तिसरा माणूस, जो तुम्हाला ओळखतो.

मागच्या वर्षी एक बाबा मुलीला घेऊन दुकान बंद व्हायच्या वेळी आले. मुलगी शिकवणी घेते. पंधरा दिवस रात्री अकरा-साडेअकराला मेसेज येत होते. शेवटच्यात लिहिलं होतं, आज पिवळा ड्रेस छान दिसत होता. बाबांचे हात थरथरत होते, त्यांना तो नंबर लावून झापायचं होतं. मुलीनं आधीचे सहा मेसेज घाबरून पुसून टाकले होते. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि तेवढा एक फोन करू दिला नाही. तुम्ही झापलं तर तो नंबर फेकून देईल आणि दुसरा घेईल; आज निदान एक नंबर हातात आहे.

अशा वेळी विकणाऱ्यासाठीचे नियम उलटे होतात. जाहिरातीला उत्तर द्यायचं नाही, पण इथं एकदा, फक्त एकदा, स्पष्ट लिहायचं: 'मला मेसेज करू नका.' भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये स्त्रीनं नको म्हटल्यावरही वारंवार संपर्क करणं हा पाठलागाचा गुन्हा आहे, आणि ते नको म्हटलेलं लेखी असलं की मुद्दा पक्का होतो. त्यानंतर एक अक्षरही लिहायचं नाही. जाहिरातीचा नंबर ब्लॉक करायचा, इथं मात्र पोलिसांना दाखवेपर्यंत ब्लॉक न करता सूचना बंद ठेवायच्या. धमकी असेल तर कलम ३५१ आहे. नाव लपवून धमकी दिली तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात दोन वर्षांपर्यंतची जास्तीची शिक्षा आहे. तो नंबर कुणाचा आहे हे सिम कंपनी तुम्हाला सांगणार नाही, मला तर नाहीच. ते फक्त पोलिसांना मिळतं. 'नंबरावरून पत्ता काढून देतो' म्हणून पैसे मागणारा भेटला तर तो दुसरा ठग समजा. आणि कुणी घराबाहेर उभं आहे असं वाटलं तर काही तपासत बसू नका, ११२ लावा.

आम्ही त्या रात्री एवढंच केलं: उरलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट, नंबर आणि वेळ दिसेल असे, पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून बाबांच्या ईमेलवर, आणि वहीच्या दोन पानांवर तारीखवार हकिकत, पुसलेल्या मेसेजांत काय होतं ते आठवेल तसं. फोन तसाच ठेवला, काही बदललं नाही, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना मूळ फोन महत्त्वाचा असतो, आणि नुसत्या प्रती द्यायच्या तर त्यांच्यासोबत प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला बरोबर घेऊन मुलगी पोलिस ठाण्यातल्या ऊर्जा महिला डेस्कवर गेली. गुन्हा कुठं घडला यावरून ठाणं तक्रार नाकारू शकत नाही, झीरो एफआयआर होतो, हे त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याची गरज पडली नाही. नंबर तिच्याच शिकवणीच्या रस्त्यावरच्या एकाचा निघाला. ती अजून त्याच नंबरावर आहे, आणि तिच्या शिकवणीचा बोर्ड आता तिच्या वडिलांच्या नंबरानं रंगवलेला आहे.